कानातल्या खड्यावर उमटलेली नदी

दोरादा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. महाराष्ट्रातल्या नद्यांमधले शिंगाळा आणि मांगूर ज्या गणात मोडतात, त्याच कॅटफिशांच्या गणात तो येतो. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी मिशा, डोके लांबट आणि चपटे. डोक्याला चांदीची झाक आणि धड पिवळसर सोनेरी. पोर्तुगीज भाषेत दोरादा म्हणजे सोनेरीच. पेरू आणि बोलिव्हियातले स्पॅनिश बोलणारे कोळी त्यालाच दोरादो म्हणतात. पूर्ण वाढलेला मासा दीड मीटरच्या पुढे जातो, काही दोन मीटरच्या जवळ पोहोचतात. तो शिकारी आहे आणि लहान मासे खाऊन जगतो.

हा मासा जन्मतो अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, वाढतो अटलांटिक महासागराच्या तोंडाशी आणि अंडी घालायला पुन्हा अँडीजकडे येतो. सर्वांत दूरच्या वीणक्षेत्रापासून नदीच्या मुखापर्यंतचे अंतर वळणावळणाने मोजले, तर ते ५,८०० किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ११,६०० किलोमीटर. नदी न सोडता एवढा लांब जाणारा दुसरा मासा ज्ञात नाही. सॅमन आणि हिलसा आयुष्याचा मोठा भाग समुद्रात काढतात. दोरादा समुद्राच्या उंबऱ्यापर्यंत जातो आणि तिथून मागे फिरतो.

हा प्रवास सलग कोणी पाहिलेला नाही. पाणी गढूळ आहे, पात्र कित्येक ठिकाणी पलीकडचा काठ पुसट व्हावा इतके रुंद आहे आणि मासा खोल पाण्यातून चालतो. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया आणि इक्वेडोर अशा पाच देशांच्या पाण्यात तो सापडतो. त्याचा मार्ग उलगडायला चार दशके लागली. त्यातला निर्णायक पुरावा माशाच्या मागे फिरून मिळाला नाही, तो माशाच्या कानात सापडला.

बाजारातल्या मापांवरून बांधलेला तर्क

पहिला अंदाज आला तो मासळीच्या धक्क्यांवरून. १९७०च्या दशकात मायकल गोल्डिंग या संशोधकाने ॲमेझॉनची मोठी उपनदी मदेरा हिच्यावरल्या मासेमारीचा अभ्यास केला. पोर्तो वेल्यो शहराच्या वरच्या अंगाला तेओतोनियो नावाचा धबधबा होता. तिथे कातळांमधून उसळणाऱ्या पाण्यात कोळी वर चढू पाहणारे मोठे कॅटफिश पकडत. हे मासे कुठून तरी खालून येतात आणि कुठे तरी वर जातात, एवढे उघड होते. कुठून आणि कुठे, हे मात्र एका धबधब्यावर उभे राहून कळण्यासारखे नव्हते.

बेलेम इथल्या एमिलियो गोएल्दी संग्रहालयातले रोनाल्दो बार्तेम हे दुसऱ्या टोकाला, नदीच्या मुखाशी काम करत होते. तिथे १९७०च्या दशकापासून ट्रॉलर चालत. त्यांच्या जाळ्यांत पिरामुताबा या भाऊबंद माशाबरोबर दोरादाही येत, पण ते सगळे लहान. अंड्यांनी भरलेली मादी मुखाशी मिळत नसे. मधल्या पट्ट्यात मध्यम मापाचे मासे मिळत. पेरू, कोलंबिया आणि बोलिव्हियाच्या बाजारांत येणारे मासे सर्वांत मोठे, आणि पिकलेल्या अंड्यांच्या माद्या मिळायच्या त्या तिकडेच.

या मापांच्या उतरंडीवरून दोघांनी तर्क बांधला की मुखापासून पर्वतापर्यंत हे मासे एकाच साखळीचे दुवे आहेत. १९९७ साली दोघांनी मिळून लिहिलेल्या ‘द कॅटफिश कनेक्शन’ या पुस्तकात ही मांडणी सविस्तर आली.

तर्क पटण्यासारखा होता, तरी त्यात एक फट होती. मुखाशी लहान मासे आणि पर्वताशी मोठे मासे मिळतात, म्हणून मुखाशी दिसलेला तोच मासा पुढे पर्वताशी पोहोचतो असे ठरत नाही. दोन्हीकडची मासळी वेगवेगळी असू शकते. मुखाशी गेलेली पिल्ले तिथेच मरत असू शकतात. एकाच माशाचा जन्मापासूनचा ठावठिकाणा हाती आल्याशिवाय ही फट बुजणार नव्हती.

खाली वाहणे आणि वर चढणे

एवढ्या लांब जाण्याचे कारण पाण्याच्या प्रवाहात आहे. कोकणात पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यांतून आणि भातखाचरांतून वर सरकतात. त्या सरकण्याला चढण म्हणतात आणि त्या दिवसांत मिळणाऱ्या माशांना चढणीचे मासे. नव्या पाण्याबरोबर वर जायचे, अंडी घालायची आणि पिल्लांना उतरत्या पाण्याच्या हवाली करायचे, हा त्यामागचा व्यवहार. दोरादाचा व्यवहार तत्त्वतः तोच आहे. कोकणातली चढण एखाद्या ओढ्यापुरती असते, दोरादाची एका खंडाच्या रुंदीची.

अँडीजच्या पायथ्याशी घातलेली अंडी आणि त्यांतून निघालेले मत्स्यजिरे प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. अँडीजमधून येणाऱ्या नद्या गाळाने भरलेल्या असतात. त्या गढूळ पाण्यात इवल्या पिल्लांना शत्रूपासून आडोसा मिळतो. वाहत वाहत ती काही आठवड्यांत हजारो किलोमीटर खाली येतात. मुखाजवळ, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्याच्या प्रचंड लोंढ्याने बाहेर ढकललेले असते आणि खाद्याची चंगळ असते. तिथे बोटुकलीची हातभर लांब मासळी होते. मग उलटा प्रवास सुरू होतो. तो एका हंगामात पुरा होत नाही. मासा मधल्या पट्ट्यात थांबत, शिकार करत, टप्प्याटप्प्याने वर सरकतो.

जितके खाली वाहून जावे तितके वर चढावे लागते, हा या जीवनक्रमाचा हिशेब. त्यात कुठेही आडकाठी आली की दोन्ही बाजू कोलमडतात: मोठा मासा वर पोहोचत नाही आणि पोहोचलाच तर त्याची पिल्ले खाली उतरत नाहीत.

खुणा, तारा आणि आवाज

माशाचा माग काढण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे खूण लावणे. पकडलेल्या माशाच्या पाठीवरल्या पराजवळ क्रमांकाची प्लॅस्टिकची पट्टी अडकवायची, मासा सोडायचा आणि तो पुन्हा कोणाच्या जाळ्यात आला की पट्टी परत यावी म्हणून बक्षीस जाहीर करायचे. या रीतीने मोठी कोडी सुटली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात खूण केलेला एक गोल्डन पर्च मासा दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर पुन्हा सापडला होता. पण पट्टीवरून दोनच ठिकाणे कळतात, मासा सोडला ते आणि मिळाला ते. मधल्या वाटेबद्दल ती काही सांगत नाही. शिवाय लावलेल्या पट्ट्यांपैकी थोड्याच परत येतात.

दुसरी रीत रेडिओ टॅगची. माशाच्या पोटात छोटा प्रक्षेपक बसवतात, त्याची बारीक तार बाहेर राहते आणि काठावरून, होडीतून किंवा विमानातून अँटेनाने संदेश टिपतात. उथळ, कमी क्षारांच्या पाण्यात ही पद्धत चांगली चालते. पाणी खोल झाले किंवा त्यातले क्षार वाढले, की संदेश विरतो.

तिसरी रीत ध्वनी टॅगची. त्यातून निघणारे ध्वनीचे ठोके पाण्याखाली बसवलेले श्रवणयंत्र नोंदवते. खोल पाण्यात ती रेडिओपेक्षा सरस ठरते, मात्र खळाळत्या आणि गाळाने भरलेल्या पाण्यात तिचाही पल्ला घटतो. मासा यंत्राजवळून गेला तरच नोंद होते, म्हणून लांबच्या नदीत यंत्रांची रांग लावावी लागते. कंबोडियात २०२२च्या जूनमध्ये मेकाँग नदीत ३०० किलो वजनाचा महाकाय पाकट मासा सापडला. त्यालाही असाच टॅग लावून पाण्यात परत सोडण्यात आले.

चौथा प्रकार म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची कुपी, पीआयटी टॅग. तिच्यात बॅटरी नसते. वाचक-अँटेनाच्या अगदी जवळून गेल्यावरच ती आपला क्रमांक सांगते, पण माशाच्या आयुष्यभर टिकते. बंधारा ओलांडून माशांना वर जाता यावे म्हणून बांधलेल्या मत्स्यमार्गाच्या अरुंद तोंडाशी ती सर्वांत उपयोगी. मरे नदीच्या मुखापासून ह्यूम धरणापर्यंतच्या सव्वादोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यात, प्रत्येक बंधाऱ्यावर बांधलेल्या मत्स्यमार्गांतून कोणता मासा केव्हा वर गेला, हे या कुप्यांनीच कळते.

दोरादावर रेडिओ आणि ध्वनी टॅग मदेरा नदीत वापरले गेले. धरणाच्या आसपास मोठे मासे कसे हालतात, हे त्यांतून समजले. संपूर्ण प्रवास मात्र टॅगच्या आवाक्याबाहेरचा होता. हजारो किलोमीटर पात्रात यंत्रांची रांग लावणे परवडणारे नाही. शिवाय जिऱ्याएवढ्या पिल्लाला टॅग लावता येत नाही, आणि प्रवासाची सुरुवात तर त्याच वयात होते.

कानातला खडा

हाडे असलेल्या माशांच्या आंतरकर्णात खड्यांच्या तीन जोड्या असतात. मासा त्यांच्या साहाय्याने तोल सांभाळतो आणि आवाज ओळखतो. या खड्याला ऑटोलिथ म्हणतात. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि मासा जगतो तोवर त्याच्यावर थरावर थर चढत राहतात. खोडावरच्या वर्तुळांसारखे त्याचे वार्षिक थर मोजून माशांचे वय काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. १९७१ साली जॉर्जियो पॅनेला यांनी दाखवले की या थरांच्या आत आणखी सूक्ष्म, रोजचा एक असे थर असतात. हाडातला चुना शरीर गरजेप्रमाणे काढून घेते. ऑटोलिथवर एकदा चढलेला थर मात्र पुन्हा विरघळत नाही, म्हणून तो खडा म्हणजे माशाची रोजनिशीच.

रोजनिशीत तारीख आहे, पण ठिकाण कसे कळणार? ते सांगते स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य. कॅल्शियमशी त्याचे रासायनिक साम्य असल्याने पाण्यातले थोडे स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी खड्यात जाऊन बसते. त्याचे दोन समस्थानिक इथे कामाचे आहेत, स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६. खडकातल्या रुबिडियमचे अब्जावधी वर्षे अत्यंत सावकाश विघटन होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होत असते. त्यामुळे खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितके जास्त, तितके ८७चे ८६शी असलेले प्रमाण अधिक. पाऊस खडक झिजवतो, स्ट्रॉन्शियम नदीत येते आणि नदीला आपल्या खडकाची खूण मिळते. ती पाण्यातून खड्यात उतरताना बदलत नाही.

ॲमेझॉनचे खोरे या कामासाठी जणू मुद्दाम आखलेले आहे. उत्तरेला गयाना आणि दक्षिणेला ब्राझील इथले प्राचीन खडक. तिथून येणाऱ्या नद्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त. पेरूतल्या अँडीजमध्ये चुनखडक बराच आहे, म्हणून तिकडून येणाऱ्या ॲमेझॉनच्या वरच्या प्रवाहात प्रमाण कमी. बोलिव्हियाकडून येणाऱ्या मदेराच्या वरच्या खोऱ्यात ते पेरूपेक्षा स्पष्टपणे जास्त. खाली मुख्य नदीत ही सगळी पाणी मिसळून मधला आकडा तयार होतो.

प्रयोगशाळेत खड्याचा पातळ छेद घासून गुळगुळीत करतात. मग लेझरचा बारीक किरण गाभ्यापासून कडेपर्यंत फिरवतात. किरणाने उडालेली धूळ वस्तुमान-वर्णपटमापकात जाते आणि बिंदूगणिक दोन समस्थानिकांचे प्रमाण मिळते. गाभा म्हणजे जन्म, कड म्हणजे मृत्यूचा दिवस. मधली रेषा वर-खाली होते, तसा मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात गेलेला असतो.

खड्याने दिलेली साक्ष

२०१६ साली फ्रान्सच्या आयआरडी या संशोधन संस्थेतले फाब्रिस द्यूपोंशेल आणि त्यांचे सहकारी यांनी वरच्या मदेरात आणि वरच्या ॲमेझॉनमध्ये पकडलेल्या प्रौढ दोरादांच्या खड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदेराच्या माशांची कथा विलक्षण निघाली. गाभ्यात वरच्या मदेराची खूण, पुढे दीर्घकाळ खालच्या ॲमेझॉनची, आणि कडेला पुन्हा वरच्या मदेराची. म्हणजे बोलिव्हियाच्या बाजूला जन्मलेला मासा खाली वाहत गेला, तिथे वाढला आणि परतताना दुसऱ्या उपनद्यांची तोंडे ओलांडून आपल्याच जन्मनदीत शिरला. सॅमनबद्दल माहीत असलेली ही घरवापसी गोड्या पाण्यातच आयुष्य काढणाऱ्या एवढ्या मोठ्या माशात प्रथमच दिसली. वरच्या ॲमेझॉनच्या माशांत ती इतकी काटेकोर आढळली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेल्या खड्यांच्या पाहणीत सगळे मासे एकाच साच्यातले नसल्याचे दिसले. काही थेट मुखापर्यंत जाऊन आलेले, तर काही मध्येच वाढलेले. पद्धतीला मर्यादाही आहेत. दोन जागांचे खडक सारखे असतील तर खडा त्यांच्यात भेद करू शकत नाही. मुख्य नदीचा खालचा पट्टा आणि मुखाजवळचे गोडे पाणी यांच्या खुणा फार जवळच्या आहेत. आणि खडा मिळवण्यासाठी मासा मेलेला असावा लागतो. तो बहुधा बाजारातूनच मिळतो.

उरलेली बाजू २०१७च्या फेब्रुवारीत भरून निघाली. बार्तेम, गोल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकलेले प्रौढ, प्रवाहात वाहणारी पिल्ले आणि खाली उतरणारी लहान मासळी कुठे कुठे मिळाली याच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. वीणक्षेत्रे पश्चिमेच्या टोकाला, अँडीजच्या पायथ्याशी आहेत हे त्यातून पक्के झाले. ११,६०० किलोमीटरचा आकडा याच अभ्यासातला. १९९७चा तर्क आणि २०१६ची खड्याची साक्ष एकमेकांना जुळली.

मदेरावरची दोन धरणे

ही साक्ष मिळाली तेव्हा मदेराचे पात्र बदललेले होते. पोर्तो वेल्योजवळ सांतो आंतोनियो आणि त्याच्या वरच्या अंगाला जिराऊ अशी दोन महाकाय जलविद्युत धरणे बांधण्यात आली. दोन्हींची क्षमता प्रत्येकी साडेतीन हजार मेगावॉटच्या वर. पहिल्याची वीज २०१२ साली सुरू झाली, दुसऱ्याची २०१३ साली. परवान्याच्या वेळीच कॅटफिशांचा प्रश्न उपस्थित झाला होता. २००७ साली ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी, आता हा मासाही राष्ट्राध्यक्षाच्या मांडीवर आणून टाकला, अशा अर्थाची तक्रार केली होती आणि तिची तिकडच्या वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली.

तेओतोनियोचा धबधबा सांतो आंतोनियोच्या फुगवट्याखाली गेला. धरणाला मत्स्यमार्ग ठेवलेला आहे, आणि तो आखताना दोरादाचा विचार झाला होता. पण मोठे कॅटफिश त्या वाटेने फारसे गेले नाहीत. बांधलेल्या मार्गाचे तोंड रुंद नदीत माशाला सापडणे, हीच पहिली अडचण असते. खाली उतरणाऱ्या पिल्लांची अडचण वेगळी. ती पोहत नाहीत, वाहतात. संथ फुगवट्यात प्रवाह मंदावला की ती तळाशी बसण्याचा धोका वाढतो.

धरणांनंतर बोलिव्हियाच्या बाजूला दोरादाची आवक खालावली. नंतरच्या खड्यांच्या अभ्यासांत वरच्या मदेरातच जन्मून तिथेच राहिलेल्या माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. काही मासे धरणांपूर्वीही असे राहत. अशा मुक्कामी माशांवर ही वस्ती किती टिकेल, हे पुढच्या पिढ्यांच्या खड्यांवरून ठरेल.

ही गोष्ट एकट्या ॲमेझॉनची नाही. गंगेत हिलसा पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर चढत असे. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर वरची चढण जवळजवळ थांबली. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने अलीकडे फराक्काच्या वर हिलसा सोडण्याची मोहीम चालवली असून त्यांपैकी काही माशांना क्रमांकाच्या खुणा लावलेल्या आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक निर्देशांकात २८४ जातींच्या स्थलांतरित गोड्या पाण्यातल्या माशांच्या नोंदी घेतल्या होत्या. १९७० ते २०२० या काळात पाहणीतल्या समूहांच्या संख्येत सरासरी ८१ टक्के घट झाल्याचे त्यात दिसते.

पाच देशांचा एक मासा

दोरादाच्या व्यवस्थापनातली अडचण नकाशावरच दिसते. त्याची वीणक्षेत्रे मुख्यतः पेरू आणि बोलिव्हियात, वाढीची जागा ब्राझीलमध्ये आणि मासेमारी सगळीकडे. मुखाशी ट्रॉलरने लहान मासळी उपसली, तर काही वर्षांनी पेरूच्या कोळ्याची होडी रिकामी परतते. मदेरावर भिंत उभी राहिली, तर बोलिव्हियाचा बाजार सुकतो. एका देशाचा कायदा या माशाच्या आयुष्याचा एखादाच तुकडा राखू शकतो.

२०२४च्या फेब्रुवारीत समरकंद इथे स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची चौदावी परिषद भरली. ब्राझीलच्या प्रस्तावावरून दोरादा आणि पिरामुताबा यांचा त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. ज्या जातींसाठी अनेक देशांनी मिळून काम करणे गरजेचे आहे, त्या जातींची ही यादी. तिने मासेमारीवर बंदी येत नाही. देशांनी एकत्रित आराखडा करावा अशी अपेक्षा ठेवली जाते.

आराखड्याला नोंदी लागतात आणि त्या आता कोळ्यांकडूनही येतात. ‘इक्तियो’ या मोबाइल ॲपवर ॲमेझॉनच्या खोऱ्यातले कोळी आपल्याला कोणता मासा, कुठे आणि किती मिळाला हे नोंदवतात. धक्क्यावरच्या मापांवरून बार्तेम आणि गोल्डिंग यांनी जो अंदाज बांधला होता, त्याच प्रकारच्या नोंदी आता अनेक गावांतून गोळा होतात. खड्यावरून माशाचा मागचा प्रवास कळतो. यंदा मासा कोणत्या वळणापर्यंत पोहोचला आणि कुठून पुढे गेलाच नाही, हे या नोंदी सांगतात.